टीव्हीचे अवॉर्ड भेटतात कुणाला, अभिनयाला का टीआरपीला?

परभणीचा_प्रेक्षक:
मंडळी, इथं नाटक-मालिका मनापासून बघणारे लोक आहेत म्हणून बऱ्याच दिवसापासून डोक्यात असलेला प्रश्न टाकतो. आपल्या मराठी वाहिन्या दरवर्षी आपापला पुरस्कार सोहळा करतात, तासन्‌तास चालतो, अख्खं घर बसून बघतं. पण त्यात चांगल्या मालिकेला आणि चांगल्या अभिनयाला खरंच न्याय भेटतो का? मला नाही वाटत.

एक तर वाहिनी फक्त स्वतःच्याच मालिकांना बक्षीस देते. म्हणजे रात्री साडेआठला एका वाहिनीवर जी बाई जीव तोडून काम करायलीय आणि त्याच वेळेला दुसरीकडं जी करायलीय, त्या दोघींचं काम शेजारी ठेवून कुणी कधी बघतच नाही. आणि विभाग बघा ना, आवडती सून, आवडती सासू, आवडती जोडी, आवडतं कुटुंब. हे तर नात्याला दिलेले पुरस्कार झाले. सासू लिहिलीच प्रेमळ असेल तर ती लोकांना आवडणारच, त्यात नटीनं स्वतःचं काय घातलं हे कुठं मोजलं? संवाद लिहिणारा, दिग्दर्शक, कॅमेरावाला यांचं तर नाव घेतलं न घेतलं की पुढचा डान्स सुरू.

पण माझा खरा मुद्दा वेगळाच आहे. रोजची मालिका म्हणजे आठवड्याला सहा भाग, भागात वीस-बावीस मिनिटं, आणि हे वर्षानुवर्षं. ‘आई कुठे काय करते’ २०१९ ला सुरू झाली अन २०२४ ला संपली. सगळ्यांनी गृहीत धरलेली गृहिणी, मग नवऱ्यापासून वेगळी झालेली, मग गाण्यावर उभी राहिलेली बाई, हा अख्खा प्रवास मधुराणी प्रभुलकरनं हजारावर भागात केलाय. हे काम एका सीनमध्ये दिसत नाही, ते एवढ्या लांबीत पसरलेलं असतं, कुठं कंटाळवाणे भाग, कुठं उगाच ताणलेले, आणि त्यातही पात्र सुटू द्यायचं नाही. मालिका आवडो न आवडो, ही मेहनत वेगळ्याच प्रकारची आहे. म्हणून विचारतो, बक्षीस देणाऱ्यानं ह्यातलं बघितलं किती? कुणाला माहीत असेल तर सांगा.

नाट्यवेडा_संभाजीनगर:
प्रश्न एकदम बरोबर जागी लागलाय. मी विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातला, त्यामुळं स्पर्धेचं वातावरण जवळून बघितलंय, तेवढंच सांगतो. आपल्या राज्य नाट्य स्पर्धेत हौशी संस्था उतरतात, केंद्राकेंद्रावर प्राथमिक फेरी होते, आणि परीक्षक खाली खुर्चीत बसून पडदा वर जाण्यापासून पडदा पडेपर्यंत अख्खं नाटक बघतात. नाटक कितीही रटाळ असलं, लाइट उडाली, नटाचं पाठांतर गेलं, तरी उठायचं नाही. दिवाळीनंतर सुरू झाली की रोज एक नाटक, कधी दोन. मग निकाल लागतो, अभिनयाची रौप्यपदकं जाहीर होतात, त्यावर कट्ट्यावर महिनाभर भांडणं होतात, अमुक परीक्षकाला प्रायोगिक कळत नाही वगैरे. भांडणं होतातच. पण "त्यांनी बघितलंच नाही" असं कुणी म्हणत नाही. टीव्हीच्या बाबतीत पहिला आक्षेप तोच येतो आणि त्याला उत्तर नाही.

दुसरं, टीव्हीकडं बघायची सरकारी नजरच मुळात तशी नाही. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारात मालिकेला विभाग नाही. गोविंद निहलानींचं ‘तमस’ १९८८ ला दूरदर्शनवर मालिका म्हणून आलं, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि सुरेखा सिक्रींना सहाय्यक अभिनेत्रीचा, पण तो चित्रपट म्हणून मिळाला. याच सुरेखाबाईंनी पुढं ‘बालिका वधू’त कितीतरी वर्षं दादीसा केली. त्या म्हातारीचा दरारा, तिचं हळूहळू वितळणं, हे ‘तमस’मधल्या कामापेक्षा मला कुठंच कमी वाटत नाही. त्याला खासगी सोहळ्यात बक्षिसं मिळाली, देशाच्या पुरस्काराचं दार मात्र त्या कामाला उघडं नव्हतं, कारण ते रोज संध्याकाळी घरात फुकट दिसत होतं. मला याचा मनापासून राग येतो.

वेब मालिकांचं थोडं बरं झालंय. गोव्याच्या इफ्फीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, २०२३ पासून वेब मालिकेला पुरस्कार सुरू झाला, पहिला ‘पंचायत’च्या दुसऱ्या सीझनला आणि २०२४ चा आपल्या मराठी ‘लंपन’ला. निपुण धर्माधिकारीची आहे, बघितली नसेल तर बघाच. पण वेब मालिका परीक्षकाला दोन-तीन बैठकीत बघून होते. रोजच्या मालिकेचं काय, हा परभणीकरांचा प्रश्न तसाच उरतो.

रेणापूरकरीण:
मी उलीसं वेगळं बोलते, रागवू नका. तुम्ही दोघं म्हणायलात परीक्षक पाहिजे, परीक्षक पाहिजे, पण पूर्ण मालिका बघणारे लोक आहेत की आमच्या घरात. माझ्या सासूबाई. रात्री लाइट गेली तर दुसऱ्या दिवशी दुपारचा रिपीट बघतात, शेतात खुरपणीला गेल्या तर आल्यावर आधी विचारतात काय झालं म्हणून. एखाद्या मालिकेत नटी बदलली तर आठ दिवसात सांगतात की ही नवी रडतीय पण हिच्या डोळ्यात काही नाही, पहिली न रडता रडवायची. आता ह्याच्यापेक्षा मोठं परीक्षण काय असतं मला सांगा. त्यामुळं प्रेक्षकांच्या मतावर पुरस्कार देणं हे मला मुळात चुकीचं वाटत नाही. मुंबईच्या चार शहाण्या लोकांनी ठरवण्यापेक्षा जे रोज बघायलेत त्यांनी ठरवावं.

पण गोम इथंच आहे. मत द्यायचं ॲपवर, नाहीतर वेबसाइटवर. सासूबाईचा फोन साधा, त्यावर फक्त बोलता येतं. मग मत देतं कोण तर कॉलेजची पोरं, फॅनपेज चालवणारे, जे मालिकेतले इन्स्टावरचे तुकडे बघतात. अन एकच माणूस परत परत मत देतो ते वेगळंच. म्हणजे सगळ्यात जास्त बघणाऱ्या बायकांचं मत कुठंच जात नाही आणि सगळ्यात कमी बघणाऱ्याचं चार वेळा जातं. हिरो दिसायला चांगला, इन्स्टाला फॉलोअर लई, झालं. खेड्यातल्या पन्नाशीच्या पुढच्या बायांवर ह्या मालिका चालतात अन त्यांनाच कुणी विचारत नाही ह्याचं मला लई वाईट वाटतं.

आणि टीआरपीला पण नावं ठेवू नका, त्यात निदान खेड्यातलं घर मोजतात. पण टीआरपी म्हणजे टीव्ही चालू होता एवढंच. माझ्या घरात टीव्ही चालू असतो अन मी भाकऱ्या करत असते, ते पण त्यात येतं.

नांदेड_टू_हिंजवडी:
मी मराठी मालिका फार बघत नाही, इंग्रजी जास्त, त्यामुळं तिकडचं सांगतो, कारण बऱ्याच लोकांना वाटतं की अमेरिकेत एमी, म्हणजे तिकडचा टीव्हीचा सगळ्यात मोठा पुरस्कार, म्हणजे एकदम चोख काम असेल. तसं काही नाही. तिथं टेलिव्हिजन अकॅडमीचे वीस हजाराच्या वर सभासद आहेत, सगळे याच धंद्यातले, आणि नामांकन करताना नट नटांना मत देतात, लेखक लेखकांना. ऐकायला किती छान वाटतं ना, आपल्या बिरादरीनं आपल्याला निवडणं. पण वर्षाला शेकडो मालिका येतात, सगळ्या कोण बघणार, मग ज्याचं नाव कानावर येतं, ज्याच्या कंपनीनं जाहिरातीवर पैसा ओतला, त्यालाच मत जातं. आणि एकदा एखाद्याला मिळालं की त्यालाच परत परत मिळत राहतं.

उदाहरणं द्यायची तर ‘द वायर’, २००२ ते २००८, बाल्टिमोर शहराची गोष्ट, पोलीस, ड्रग विकणारी पोरं, बंदर, शाळा, पेपर, सगळं एकात एक गुंतलेलं, आज अख्खी दुनिया तिला टीव्हीवरच्या सर्वोत्तम मालिकांत धरते. पाच सीझनमध्ये नामांकनं दोन, दोन्ही लेखनाची. एमी एकही नाही. अभिनयासाठी तर एका नटाचं साधं नाव पण घेतलं नाही. ‘बेटर कॉल सॉल’ला ५३ नामांकनं आणि मुख्य मालिकेला शून्य एमी. त्यातल्या रिया सीहॉर्नचं काम बघा, आतून तुटत चाललेली पण बाहेरून केस न हलू देणारी वकील, सहा सीझन, आणि हात रिकामे. उलट ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा शेवटचा सीझन, ज्यावर सगळीकडून शिव्या पडल्या, त्यालाच २०१९ ला सर्वोत्तम ड्रामाचा एमी. तो त्या सीझनला नव्हता, आधीच्या नावाला होता असं माझं स्पष्ट मत आहे.

‘मॅड मेन’च्या जॉन हॅमला त्याच भूमिकेसाठी आठव्या नामांकनाला मिळाला, २०१५ मध्ये, मालिका संपली तेव्हा. का, तर ‘ब्रेकिंग बॅड’चा ब्रायन क्रॅन्स्टन समोर होता, त्यानं चार नेले. आता इथं मी चिडू शकत नाही कारण क्रॅन्स्टन पण तेवढाच जबरदस्त होता. म्हणजे कधी कधी अन्याय नसतोच, जागा एक आणि माणसं दोन असतात.

पण एक नियम मला तिकडचा आवडतो. नामांकन झालं की नट त्या वर्षातला आपला एक भाग निवडून देतो, हा बघा म्हणून. निदान काय बघून मत दिलं हे तरी ठरलेलं असतं.

आपल्याकडचं म्हणाल तर ‘दिल्ली क्राइम’ला २०२० ला आंतरराष्ट्रीय एमी (अमेरिकेबाहेरच्या मालिकांसाठीचा वेगळा एमी) मिळाला, भारतीय मालिकेला ड्रामाचा पहिल्यांदाच. त्या सीझनचा सगळा भार शेफाली शहाच्या डोळ्यांवर होता, तरी तिचं नामांकन झालं दुसऱ्या सीझनला, २०२३ मध्ये, आणि तेव्हा मिळाला नाही.

परभणीचा_प्रेक्षक:
@नांदेड_टू_हिंजवडी भाऊ, तो एक भाग निवडून द्यायचा नियम वाचून मी थांबलोच. आपल्या रोजच्या मालिकेत एक भाग निवडला तर काय होईल, तर सगळेजण रडारडीचा नाहीतर थोबाडीत मारायचा महाएपिसोड देतील. ओरडून बोललेला भाग. आणि खरी मेहनत असते मंगळवारच्या साध्या भागात, जिथं काहीच घडत नाही, बाई नुसती चहा ठेवते अन सासऱ्याशी दोन वाक्यं बोलते, आणि तरी आपल्याला कळतं की तिचं काहीतरी बिनसलंय. म्हणून मला वाटतं एक भाग नको, एक आठवडा मागावा. सलग सहा भाग. त्यात जोराचा भाग पण येतो, साधा पण येतो, लिहिणाऱ्याला काही सुचलं नाही तो पण येतो. सलग बघितलं की कोण काम करायलंय आणि कोण नुसतं उभं राहायलंय हे कळतं.

@रेणापूरकरीण ताई, तुमचं मत देणाऱ्यांबद्दलचं एकदम पटलं, माझ्या मांडणीत प्रेक्षक नव्हताच. तुमच्या सासूबाईनं जे सांगितलं, पहिली न रडता रडवायची, ते मी वहीत लिहून घेतलं.

बीडचा_नट:
उशिरा आलोय पण बोलल्याशिवाय राहवत नाही, कारण मी त्या सेटवर उभा राहिलेला माणूस आहे. मोठा नाही, गडी, हवालदार, गावातला पाहुणा असली कामं केली मुंबईत काही वर्षं.

आधी हे समजून घ्या की तिथं काम कसं होतं. शिफ्ट बारा तासाची, लांबली तर तेराची. दिवसाला एक भाग निघालाच पाहिजे, कारण बँक नसते, म्हणजे पुढचे भाग शूट करून ठेवलेले नसतात, कधी कधी आज शूट झालेलं परवा दाखवतात. सीनचे कागद सकाळी सेटवर येतात, कधी मेकअप चालू असताना. मुख्य नटीला दिवसात पाच-सात सीन, त्यातला एक बाळंतपणाचा अन एक भांडणाचा अन त्यांचा क्रम उलटा. तालीम म्हणजे कॅमेरा लागेपर्यंत जेवढं होईल तेवढं. ह्या गतीत जी नटी एक खरं वाक्य बोलते ना, तिला मी नाटकातल्या नटीपेक्षा कमी मानत नाही. नाट्यवेडा भाऊ, तुम्हाला पण हे पटेल, आपल्याला दोन महिने तालीम भेटते, तिला दहा मिनिटं.

कुणी म्हणेल पुरस्कारानं काय फरक पडतो. लई पडतो. आमचं मानधन पर डे, म्हणजे दिवसाच्या हिशोबानं, असतं आणि पेमेंट येतं नव्वद दिवसांनी. सोहळ्यात ट्रॉफी हातात आली की पुढच्या मालिकेला पर डे वाढवून मागता येतो, गणपती, दहीहंडी, दुकानाचं उद्घाटन अशी पैसे घेऊन हजेरी लावायची सुपारी भेटते, त्यावर माणूस घर घेतो. म्हणून ते चुकीच्या माणसाला गेलं की नुसतं मन दुखत नाही, पोटाला लागतं. सहाय्यक भूमिकेवाल्यांना तर जास्तच, कारण त्यांचा ट्रॅक, म्हणजे गोष्टीतला त्यांचा धागा, कधी बंद होईल सांगता येत नाही.

अजून एक सांगायचंय, ते आपल्या भागाचं. ‘रात्रीस खेळ चाले’ २०१६ ला आली, मालवणी बोलणारे नट घेतले, कोकणातली माणसं कोकणासारखी बोलली आणि पुढं दुसऱ्या पर्वात माधव अभ्यंकरांचा अण्णा नाईक तर घराघरात गेला. ‘तुझ्यात जीव रंगला’त कोल्हापूर आलं, ‘लागिरं झालं जी’त सातारा, ‘माझ्या नवऱ्याची बायको’त अनिता दातेच्या राधिकानं नागपूरची बोली मालिकेच्या मधोमध आणून बसवली आणि लोकांनी डोक्यावर घेतली. आपली मराठवाड्याची बोली कुठं असते? बहुतेक वेळा गड्याच्या नाहीतर मोलकरणीच्या तोंडी, हसू यावं म्हणून. एका मालिकेत माझ्या तोंडी बापाच्या मयतीनंतरचं वाक्य होतं, मी ते आमच्या गावाकडं बोलतात तसं बोललो, हळू, "आता कामून रडायलाव" असं, तर मला सांगण्यात आलं की जरा गावरान कर, मजा आली पाहिजे. मयतीत मजा. मी केलं तसं, काम पाहिजे होतं. मकरंद अनासपुरेंनी आपली बोली मोठी केली, आपल्या माजलगावच्या संदीप पाठकनं पण केली, त्यांचा मला अभिमान आहे, पण लोकांनी ती मुख्यत्वे विनोदासाठी स्वीकारली. ह्या बोलीत माणूस रडू शकतो, प्रेम करू शकतो, गप्प बसू शकतो, हे टीव्हीनं अजून नीट बघितलेलंच नाही. जे लिहिलंच जात नाही त्याला पुरस्कार कुठून भेटणार? नामांकनाच्या किती तरी आधी आमचं नाव कटलेलं असतं.

नाट्यवेडा_संभाजीनगर:
@बीडचा_नट तालमीचं म्हणालात ते शंभर टक्के पटलं. आणि बोलीचं वाचून पोटात तुटलं. युवक महोत्सवात, आपल्याकडं काय आणि नांदेडच्या विद्यापीठात काय, दरवर्षी पोरं ह्याच बोलीत दुष्काळावर, कर्जावर, ऊसतोडीला गेलेल्या आईबापावर एकांकिका करतात आणि अख्खं सभागृह गप्प होतं. त्यातली दोन-चार पोरं मुंबईला जातात आणि पहिली सहा महिने बोली पुसायचीच शिकवणी घेतात. पुरस्कारात उत्कृष्ट संवाद असा विभाग आहे ना, तर परीक्षकांनी बोलीचा विचार त्यात तरी करावा, कुठल्या भागाची भाषा खरी उतरलीय म्हणून.

औंढ्याचा_अप्पा:
एवढं सगळं कशाला मनाला लावून घ्यायचं. चांगलं काम लोकांच्या लक्षात राहतं. ‘तमस’ला आज पण लोक बघतात, अवॉर्ड कुणाला लक्षात आहे.

बीडचा_नट:
अप्पा, तुमचा मान राखून सांगतो, लक्षात राहणं हे बघणाऱ्याचं समाधान आहे. काम करणाऱ्याला त्याच वर्षी कळलं पाहिजे की बरोबर चाललंय. मी अशा दोन चांगल्या नट्या बघितल्यात ज्या वाट बघून बघून गावाकडं परत गेल्या.

रेणापूरकरीण:
बीडचे दादा, तुमचं ते मयतीचं वाक्य मी सासूबाईला वाचून दाखवलं. त्या म्हणल्या असंच बोलतेत की, ह्यात हसायचं काय.

परभणीच्या भाऊचं एक आठवड्याचं मला पटलंय. मी म्हणते आपण सोहळ्याची वाट कशाला बघायची, इथंच करून बघू. सध्या चालू असलेल्या मालिकांतल्या तीन घ्या, वेगवेगळ्या वाहिनीच्या, एकाच आठवड्यातले सहा-सहा भाग, सगळ्यांनी तेच बघायचे. कुणाचं काम आवडलं, कुठल्या सीनमध्ये, का, हे लिहायचं. नुसतं नाव लिहिलं तर मत धरायचं नाही. आणि घरातल्या ज्यांना टाइप करता येत नाही त्यांचं मत दुसऱ्यानं त्यांच्या शब्दात लिहायचं, आपलं घुसडायचं नाही. सासूबाईचं मी लिहीन.

परभणीचा_प्रेक्षक:
ताई, एकदम मंजूर. मालिका तुम्हीच सुचवा, फक्त एक तरी अशी घ्या जी टीआरपीत खाली आहे. पुढच्या सोमवारपासून शनिवारपर्यंतचे भाग धरू. ज्यांच्याकडं लाइटचा प्रॉब्लेम आहे त्यांना ॲपवर बघायला रविवार धरून एक दिवस जास्त. @नांदेड_टू_हिंजवडी भाऊ, तुम्ही मराठी मालिका बघत नाही म्हणालात, ह्या वेळेस बघा, बाहेरच्या नजरेचा एक माणूस लागेल आपल्याला.

नांदेड_टू_हिंजवडी:
बघतो. आईला फोन करून विचारतो ती सध्या कुठली बघायलीय, तीच एक धरा.